पिवळा चिमटा

"पिवळ्यावर दुसरं कोण आहे रे? बंद करा तो रेडिओ!" डेल्बर्ट रूस कर्ण्यातून ओरडला, आणि फर्निचरच्या दुकानासमोरच्या रिकाम्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या झाडून सगळ्या पुरुषांनी आपापली कॉलर चाचपली.

पिवळा चिमटा एकट्या मर्ल हॉग्सेटच्या कॉलरला होता. तरीही त्याची रेडिओवर चालणारी लाल गाडी, हातभर लांबीची, सरळ पट्ट्यावर हुडहुडी भरल्यासारखी थरथरत चालली होती. पुढची चाकं डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. कुठे जायचं ते ठरत नसलेल्या माणसासारखी ती नाक हलवत हलवत गेली, कडेला अंथरलेल्या अग्निशामक दलाच्या जुन्या होजच्या जाड नळीवर चढली आणि उताणी झाली.

"पिवळ्यावर कोणी नाही," चौकशी करून डेल्बर्ट म्हणाला.

"मग विमानतळ," मर्ल म्हणाला. "आत्ता एक विमान गेलं ना वरून."

"ते तर पलीकडून गेलं."

"जाता जाता बोललं असेल काहीतरी."

डेल्बर्टने मान डोलावली. तो पेशाने पोस्टमन होता, हौसेने क्लबचा अध्यक्ष होता आणि स्वभावाने नियमांचं पुस्तक होता. टॉरन्स गावच्या या छोट्या गाड्यांच्या क्लबात चिमट्यांची पद्धत त्यानेच घातली. बायकोच्या कपड्यांच्या दोरीवरचे लाकडी चिमटे काढून त्यांना सहा रंग दिले आणि एका फळीला लावून ठेवले. प्रत्येक रेडिओच्या लहरीला एक रंग. ज्याला आपला रेडिओ चालू करायचा असेल त्याने फळीवरून आपल्या रंगाचा चिमटा काढायचा, कॉलरला लावायचा आणि मगच बटण दाबायचं. एका रंगावर दोन रेडिओ चालू झाले की दोन्ही गाड्या दोन्ही मालकांचं ऐकतात, म्हणजे कोणाचंच ऐकत नाहीत. क्लबात एखाद्याचा घटस्फोट झाला तर लोक दोन शब्द बोलून जेवायला घेऊन जात. चिमट्याशिवाय रेडिओ चालू करणाऱ्याशी मात्र महिनाभर कोणी बोलत नसे.

मर्लच्या वयाची एकसष्ट वर्षं भरली होती. हॉथॉर्न रस्त्यावर त्याचं ब्रेकचं दुकान होतं. आयुष्यभर त्याने लोकांच्या गाड्या थांबवण्याचं काम केलं होतं, आणि म्हणूनच या छोट्या गाड्यांची एक गोष्ट त्याला सहन होत नव्हती. त्यांना थांबता येत नसे. खेळण्यातल्या विमानाचं इंजिन थेट मागच्या चाकांना जोडलेलं, त्यामुळे इंजिन चालू म्हणजे गाडी पळणार आणि गाडी थांबली की इंजिन मेलं. शर्यत सुरू व्हायच्या आधी पोटं सुटलेली मोठी माणसं ओळीने वाकून आपापली गाडी मागून उचलून धरत. चाकं हवेत किंचाळत, इंधनात घातलेल्या एरंडेलाचा निळा धूर तोंडावर येई, आणि झेंडा पडला की सगळे एकदम हात सोडत. एखादी गाडी होजला नुसती टेकली तरी इंजिन गप्प. मग मालक धावत जाऊन तिला उचलून आणणार, ठिणगी देणार, दोरी ओढणार, शिव्या घालणार. तोवर बाकीचे पाच फेऱ्या मारून मोकळे.

त्या साली माणसाला चंद्रावर पाठवायची तयारी चालली होती. त्यात विशेष काही नाही, असं क्लबाचं मत होतं. त्या वाटेवर वळणं नव्हती.

मर्लने क्लच बनवला. एका मालवाहू गाडीच्या जुन्या ब्रेकची पट्टी घासून घासून दोन नखांएवढे तुकडे काढले, घड्याळजीकडून दोन स्प्रिंगा आणल्या आणि त्या सगळ्यावर झाकण म्हणून सायकलच्या घंटीची वाटी बसवली. इंजिन हळू फिरत असताना तुकडे मिटलेले राहत आणि गाडी जागच्या जागी उभी राहून नुसती गुरगुरे. वेग दिला की तुकडे फाकून वाटीला आतून चिकटत आणि गाडी निघे. निघताना वाटी बारीकशी वाजे. टिण्‌.

"त्याने काय होणार?" क्लबातल्या लोकांनी विचारलं होतं.

"थांबली तरी मरणार नाही."

"पण वजन वाढलं ना, मर्ल! शर्यतीत थांबायचं कशाला?"

 चाळीस वर्षं ब्रेक दुरुस्त केलेल्या माणसाला हा प्रश्नच कळत नाही. त्याने एवढंच ठरवलं की जून महिन्यात सॅन दिएगोचा क्लब टॉरन्सला येईल तेव्हा सगळ्यांसमोर या गाडीने शेवटची मोठी शर्यत पूर्ण करायची, बंद न पडता. एकदा सगळ्यांनी पाहिलं की पुढच्या वर्षी कोणी गाडी मागून उचलून धरणार नाही. आणि ती गाडी चालवणार अर्थातच तो.

पण मार्चपासून गाडीला ही थरथर लागली.

क्लबने हे प्रकरण मनावर घेतलं. आधी विमानतळाला पत्र गेलं. विमानतळाने उत्तर दिलं नाही, यावरून त्यांचाच हात आहे हे सिद्ध झालं. मग डोनटच्या दुकानासमोर थांबणाऱ्या ट्रकवाल्यांवर पाळत ठेवण्यात आली, कारण त्यांच्याकडे बोलायचे रेडिओ असतात. पाळत ठेवणाऱ्यांची वजनं वाढली, दुसरं काही हाती लागलं नाही. शेवटी डेल्बर्टला आठवलं की त्याच्या टपालाच्या वाटेवर राहणाऱ्या श्रीमती फेन्स्के यांच्या गॅरेजचं दार रेडिओचं बटण दाबून उघडतं. क्लबचं शिष्टमंडळ टाय लावून त्यांच्याकडे गेलं. रविवारी दुपारभर गॅरेजचं दार उघडू नये, अशी विनंती केली. फेन्स्केबाईंकडे नवरा गेल्यापासून गाडीच नव्हती; दार त्या फक्त मांजरीसाठी उघडत. पण विनंती इतकी गंभीर होती की त्यांनी मांजरीला खिडकीतून जायला शिकवलं. थरथर तशीच राहिली.

मर्लने स्वतः काय केलं नाही? अँटेना बदलली. बॅटऱ्या बदलल्या. लाल रंगावर गेला, हिरव्यावर गेला, परत पिवळ्यावर आला. घरात त्याला दुसऱ्याही बारीकसारीक गोष्टी खटकत होत्या, पण त्यांचा याच्याशी काही संबंध नव्हता. रस्त्यावरून ट्रक जाताना न्याहारीच्या टेबलावर त्याचा कप बशीत वाजे. बायको, ओपल, हल्ली कॉफी अर्धाच कप ओतायची. काटकसर करत असेल म्हणून तो बोलला नाही. गाडीचं इंधन आपण ओततो त्यापेक्षा लवकर संपतं, असाही त्याला संशय होता. आणि वॅफल नावाचा त्यांचा कुत्रा गाडी दिसताच पलंगाखाली जाऊन बसे. एरंडेलाचा वास सोसत नाही बिचाऱ्याला, असं मर्लचं निदान होतं.

"चल, अंतर तपासू," डेल्बर्ट आता म्हणाला. "शेवटच्या शर्यतीला अजून वेळ आहे. आज मी याचा छडाच लावतो. सॅन दिएगोचे पाहुणे आलेत, अब्रूचा प्रश्न आहे."

अंतर तपासायची रीत साधी होती. गाडी एका खोक्यावर चाकं अधांतरी राहतील अशी ठेवायची. मालकाने रेडिओ हातात धरून दूर दूर चालत जायचं. जिथे चाकं थरथरायला लागतील तिथे लहर कमजोर.

गाडी खोक्यावर ठेवली. सगळा क्लब भोवती जमला. पाहुण्यांपैकी हेक्टर यबाराही आला. सॅन दिएगोत मोटारींना रंग द्यायचं त्याचं दुकान होतं आणि त्याची हिरवी गाडी त्या दिवशी सगळ्यात वेगवान होती.

"ही ती घंटीवाली का, आजोबा?" त्याने विचारलं.

"हीच. आणि आजोबा तुझ्या घरी," मर्ल म्हणाला.

"माझ्या घरचे आजोबा तुमच्यासारखे बोलत असते तर मी घर सोडून सॅन दिएगोला कशाला गेलो असतो!"

मर्ल रेडिओ छातीशी धरून चालू लागला. मागून डेल्बर्ट कर्ण्यातून सांगत होता, "थरथरतंय... थरथरतंय..." मर्ल दिव्याच्या खांबापर्यंत गेला. "थरथरतंयच!" तो परत फिरला, जवळ आला, अगदी खोक्याला टेकला. चाकं थांबली तर नाहीतच, जवळून जास्तच स्पष्ट दिसली.

"हे उलटंच आहे," डेल्बर्ट म्हणाला. "जवळ आल्यावर लहर जोरात यायला पाहिजे."

"अँटेना सैल असेल," मर्ल म्हणाला. स्क्रू पिळायला दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून त्याने चालू रेडिओ शेजारच्या घडीच्या टेबलावर ठेवला. टेबलावर ओपल बटाट्याच्या सॅलडचं भांडं पुसत होती.

चाकं थांबली.

खिळे ठोकल्यासारखी थांबली. मर्ल खिशात पेचकस शोधत होता, त्यामुळे हे त्याला सगळ्यांच्या नंतर दिसलं. पेचकस काढून त्याने वर पाहिलं तर सगळे गाडीकडे बघत होते.

त्याने रेडिओ उचलला. चाकं थरथरू लागली. त्याने रेडिओ खाली ठेवला. चाकं स्थिर. तपासाची जी रीत चाळीस वर्षं दुकानात वापरली तीच त्याने वापरली: पुन्हा एकदा करून पाहिलं. उचलला. ठेवला. मग त्याने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. एखादं गिऱ्हाईक ब्रेकचा घासलेला भाग दाखवायला घेऊन येतं, तसं. रेडिओच्या काडीवर ठेवायचा अंगठा बारीक बारीक हलत होता. वरून एकही विमान जात नव्हतं.

अर्धा कप कॉफीचा अर्थ त्याला तेव्हा लागला. रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकांचाही.

डेल्बर्ट रूसने कर्णा खाली घेतला. नियमाला सोडून त्याने आयुष्यात काही केलं नव्हतं. पावसात भिजलेलं पत्रसुद्धा तो ज्याचं त्याच्याच पेटीत टाकत असे. त्याने घसा साफ केला. "पिवळ्यावर आज गडबड आहे," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मी म्हणतच होतो. विमानतळ."

"विमानतळच," दोघे-तिघे म्हणाले.

"आमच्याकडे नौदलाचा त्रास असतो," हेक्टर यबारा हिरव्या गाडीकडे बघत म्हणाला. "काही करता येत नाही त्यांना."

मंडळी पांगली. एवढा मोठा घोळका इतक्या चटकन पांगलेला मर्लने क्लबात कधी पाहिला नव्हता. त्याने घडीची खुर्ची ओढली आणि बसला. ओपल अजून तेच भांडं पुसत होती; ते एव्हाना चकचकीत झालं होतं.

"तुला माहीत होतं?" त्याने विचारलं.

"काय?"

"विमानतळाचं."

"मार्चपासून," ओपल म्हणाली.

"आणि एका शब्दाने बोलली नाहीस!"

"तू फेन्स्केबाईंच्या घरी टाय लावून निघाला होतास, मर्ल. म्हटलं, माणूस इतका छान दिसतोय, जाऊ दे."

त्याला हसू आलं, पण ते अर्ध्यावर राहिलं. पार्किंगच्या त्या टोकाला शेवटच्या शर्यतीच्या गाड्या मांडायला सुरुवात झाली होती. "गाडी ठीक आहे गं," तो म्हणाला. "क्लच ठीक आहे. सगळं ठीक आहे. आज ती चालली नाही तर पुढच्या वर्षीही हे सगळे बुडं वर करून वाकतील, आणि म्हणतील, मर्लची घंटी बघितली ना, हुडहुडी भरते तिला."

"मग चालू दे की."

"कोण चालवणार? डेल्बर्ट? तो होजसमोर आला की आधी नियम वाचेल."

ओपलने फडकं टेबलावर टाकलं. ती गेली कित्येक वर्षं दर रविवारी शर्यतीत फेऱ्या मोजायला बसे. त्यामुळे कोण कुठल्या वळणावर घाबरतो, हे त्या माणसाच्या बायकोपेक्षा तिला जास्त ठाऊक होतं. "मी," ती म्हणाली.

"तू कधी हात लावलायस का तिला?"

"तू दुकानात गेलास की मागच्या अंगणात."

"मागच्या अंगणात काय?"

"वॅफलला पळवते. गुलाबाच्या आळ्याला वळसा घालून, दोरीच्या खांबामागून, परत. आता तो बाहेरच येत नाही, लबाड. आळशी झालाय."

 मर्लला इंधनाचा हिशेब लागला, कुत्र्याचाही लागला. "समोरून येताना डावं-उजवं उलटं होतं," त्याने तरीही सांगून पाहिलं.

"कळलंय ते. कुंपणाची दोन फळकुटं गेलीत, ती तुला वाटतात वाळवीने."

मर्ल उठला. त्याने आपल्या कॉलरचा पिवळा चिमटा काढला. ओपलच्या पोलक्याला कॉलर नव्हती. तो थोडा अडखळला, मग त्याने तिच्या एप्रनचा खांद्यावरचा पट्टा धरला, चिमटा दाबून उघडला आणि तिथे लावला. चिमटा दाबताना हात हलला नाही. कामात असला की तो हलत नव्हता. नुसतं धरून उभं राहायचं म्हटलं की सुरू व्हायचा. हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ते लक्षात ठेवलं.

आरंभरेषेवर पाहुण्यांपैकी एक दंतवैद्य हरकत घेऊ पाहत होता. "बाई चालवणार? नियमात बसतं का हे?"

डेल्बर्टने नियमांचं पुस्तक उघडलं नाही. त्याला पाठ होतं. "ज्याच्याकडे चिमटा, तो चालक," तो म्हणाला. "एप्रनबद्दल काही लिहिलेलं नाही. आणि मर्ल, तू चालवत नाहीस तर तू कोपऱ्यावर."

हाही क्लबचा नियमच होता. यजमान क्लबातला जो शर्यतीत नाही, त्याने नारिंगी बंडी घालून एका वळणावर उभं राहायचं आणि उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या. आपल्या किंवा परक्या, मित्राच्या किंवा वैऱ्याच्या, जी जवळ पडेल ती आधी. यात कोणी कधी कुरकुर केली नव्हती, कारण उद्या आपणही कुठल्या तरी वळणावर उलटे पडणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

मर्ल दिव्याच्या खांबाजवळच्या वळणावर जाऊन उभा राहिला. बंडी त्याला तोकडी होती.

आरंभरेषेवर पाच जण वाकले आणि पाच गाड्यांची मागची चाकं हवेत किंचाळू लागली. सहावी, लाल, जमिनीवर चारही चाकं टेकून आपली आपण उभी होती आणि पोटातल्या पोटात गुरगुरत होती. तिला कोणी धरलेलं नव्हतं. प्रेक्षकांत एक कुजबुज उठली. झेंडा पडला. टिण्‌.

ओपल भन्नाट चालवत होती, असं म्हणता येणार नाही. ती बाजारहाटाला गाडी चालवावी तशी चालवत होती. सावकाश वळत होती, सरळ पट्ट्यावर सोडत होती, कोणाच्या मध्ये येत नव्हती. पण लाल गाडी थरथरत नव्हती. दोरीवरून चालल्यासारखी सरळ जात होती. तिसऱ्या फेरीला दंतवैद्य पुढे गेला. पाचव्या फेरीला दोन गाड्या एकमेकींत अडकून गप्प झाल्या आणि त्यांचे मालक दोऱ्या घेऊन धावले. आता पहिला दंतवैद्य, मग हेक्टरची हिरवी, मग लाल. मर्ल नुसता आवाज ऐकत होता. डोळे मिटूनही त्याला सांगता आलं असतं की आता ती दूरच्या टोकाला वेग सोडतेय, आता तुकडे मिटले, आता फाकले.

मग हिरवी त्याच्या वळणावर फार जोरात आली. तिचं मागचं अंग सुटलं, ती गर्रकन फिरली आणि नाकाने होजमध्ये घुसून तिथेच मेली. पाठोपाठ लाल गाडी होती. ओपलने तिला वाचवायचा प्रयत्न केला, पण हिरवीच्या कुशीवर चढून ती पलीकडे कलंडली, थेट आडवी, चाकं खांबाकडे करून.

दूरवरून कोणीतरी ओरडलं, "लाल उचल, मर्ल! लाल!" तो आवाज डेल्बर्टचा होता, हे डेल्बर्टने पुढे कधीही मान्य केलं नाही.

मर्ल धावला. लाल गाडी दोन पावलं पुढे होती. हिरवी त्याच्या पायाशी होती. तो हिरवीपाशी वाकला, तिला होजमधून अलगद सोडवलं, तिची वाकलेली पुढची पट्टी अंगठ्याने सरळ केली आणि तिला रस्त्याच्या कडेला नीट ठेवलं. हेक्टर यबारा दोरी घेऊन धापा टाकत पोचला होता. "मेलीच का?" त्याने विचारलं.

"थांबली ना," मर्ल म्हणाला.

एवढ्यात दंतवैद्याची गाडी पुन्हा एकदा पुढे निघून गेली. शेवटी पहिला तोच आला. त्याचं नाव आता क्लबात कोणाला आठवत नाही.

मर्ल लाल गाडीकडे वळला. ती आडवी पडली होती, एक बाजू खरचटली होती, आणि तिचं इंजिन चालू होतं. बाकीच्या गाड्या दूरच्या टोकाला होत्या, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू येत होतं. मोठं काही नाही, नुसती संथ गुरगुर. कडेची माणसं पुढे सरकली. पलीकडे ओपल रेडिओ धरून उभी होती, गाडी चालवायच्या काड्यांवरचे दोन्ही अंगठे तिने मुद्दाम उचलून घेतले होते, आणि ती वाट बघत होती.

त्याने गाडी दोन्ही हातांत उचलली. चालू इंजिनाची थरथर पत्र्यातून त्याच्या तळहातांत आली, मनगटांत गेली, कोपरापर्यंत चढली. त्याने गाडी समोर धरून पाहिली. हात थरथरत होते. कोणालाच सांगता आलं नसतं की त्यात त्याची थरथर किती आणि इंजिनाची किती, त्यालाही नाही. लागायला हवा होता त्यापेक्षा त्याने एक क्षण जास्त लावला. मग तो वाकला आणि चारही चाकं एकदम टेकतील अशा बेताने त्याने तिला रस्त्यावर ठेवलं, नाक पुढच्या सरळ पट्ट्याकडे करून.

टिण्‌.